मोठेपणी सुरू होणारा दमा: कारणं, ओझं आणि "आता सवय झालीय" म्हणणारे आपण

निर्झरा (धागाकर्ती)

दमा असलेल्या मोठ्या माणसाला "आता कसं आहे?" असं विचारलं की बहुतेक वेळा "आटोक्यात आहे" असंच उत्तर येतं. तेव्हा जरा पुढे विचारून पाहावं. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? रात्री दम्यामुळे जाग आली का? लगेच आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागला का? दम्यामुळे एखादं काम, चालणं, व्यायाम टाळावा लागला का?

हे चार प्रश्न जगभरचे डॉक्टर वापरतात. एकाचंही उत्तर "हो" आलं तर दमा नीट आटोक्यात नाही. तीन किंवा चार "हो" असतील तर तो अजिबातच आटोक्यात नाही. मला दमा पस्तिशीनंतर सुरू झाला. त्यानंतर ओळखीतल्या ज्या-ज्या दमेकऱ्यांशी बोलले त्यांतले बरेच जण या प्रश्नांपाशी अडखळले. जिना दिसला की लिफ्ट शोधायची, मोकळं हसलं की उबळ येते म्हणून हसू आवरायचं, रात्री उशांवर उशा रचून झोपायचं, आणि या सगळ्याला "आटोक्यात" म्हणायचं. श्वास पुरेल तेवढंच आयुष्य ठेवायचं, हे त्यांनी कधी ठरवून टाकलं ते त्यांनाही सांगता येत नाही. या आजाराचं सगळ्यात मोठं ओझं मला तेच वाटतं, म्हणून हा धागा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी त्याने साडेचार लाखांवर माणसं गेली. यातले बहुतेक मृत्यू कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. तिथे निदान होत नाही, आणि झालं तरी रोजचं औषध हाती पडत नाही. ज्या आजारावर चांगली औषधं कित्येक दशकं उपलब्ध आहेत त्याचा हा आकडा आहे, हे मला फार अस्वस्थ करतं.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. सुजलेली नलिका चिडखोर होते. धूळ, थंड हवा, धूर, सर्दी, जोराचं हसणं, अशा साध्या गोष्टींनीही तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आतून चिकट कफ सुटतो, वाट अरुंद होते. मग घरघर, छाती आवळल्यासारखी वाटणं, धाप, खोकला, आणि हे सगळं रात्री किंवा पहाटे जास्त. धाप गेली की आपल्याला वाटतं दमा गेला. सूज मात्र तशीच राहिलेली असते. पुढची सगळी चर्चा या एका गोष्टीभोवती फिरेल असं मला वाटतं.

लहानपणीच्या दम्यामागे बहुधा ॲलर्जी आणि घराण्यातला कल असतो. मोठेपणी सुरू होणाऱ्या दम्यात ॲलर्जी असतेच असं नाही. वारंवार सर्दी-सायनस, नाकातले मांसल कोंब, वाढलेलं वजन, धूम्रपान, कामाच्या जागची धूळ आणि रसायनं, संप्रेरकांतले बदल, काही औषधं, यांतलं एक किंवा अनेक असू शकतं. आणि तो सहसा आपोआप जात नाही. लहान मुलांपैकी बऱ्याच जणांचा दमा वयात येताना मागे पडतो, मोठ्यांना ती आशा कमी असते. म्हणूनच कारण शोधणं मोठ्यांच्या बाबतीत जास्त गरजेचं आहे.

तुमचे अनुभव लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी चुकलेलं दुरुस्त करावं.

---

अनिकेत_रा

चांगला विषय. बाबांचं वय अडुसष्ट. दोन वर्षांपासून रात्री खोकला आणि चढण चढताना धाप. एका ठिकाणी "वय झालं", दुसरीकडे "दमा असेल" असं सांगून पंप दिला. कुठलीच तपासणी नाही. साठीनंतर नव्याने दमा होऊ शकतो का?

---

स्टेथो

अनिकेत, होऊ शकतो. कुठल्याही वयात सुरू होतो. पण त्या वयात धाप लागण्याची इतर कारणंही तितकीच शक्य असतात. हृदय नीट पंपत नसेल तर फुप्फुसात पाणी साठून रात्री खोकला आणि घरघर होते, ऐकायला अगदी दम्यासारखी. वर्षानुवर्षं धूम्रपान किंवा चुलीचा धूर झाला असेल तर सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट कायमची अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी (नावाच्या शेवटी "प्रिल" असलेल्या) नुसता कोरडा खोकला येतो आणि तो महिनोन्‌महिने दमा समजला जातो. त्यामुळे तपासणी न करता शिक्का मारू देऊ नका.

स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरात फुंकायचं, मग श्वासनलिका मोकळी करणारं औषध देऊन पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याच्या बाजूने पुरावा मिळतो. चांगल्या दिवशी ही तपासणी नॉर्मल येऊ शकते, दमा मुळात कमी-जास्त होणारा आजार आहे. तेव्हा एका नॉर्मल रिपोर्टवर तो नाही असंही ठरत नाही. घरी पीक फ्लो मीटरवर (फुंकर किती जोरात बाहेर पडते ते मोजणारं छोटं साधन) दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद करा. दर वेळी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहा. रोजचा चढउतार सरासरी १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती नोंद डॉक्टरांना दाखवण्यासारखी आहे.

कॅनडात पूर्वी दमा असल्याचं सांगितलेल्या सहाशेहून जास्त प्रौढांची नव्याने नीट तपासणी झाली होती, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत तेव्हा दमा सापडलाच नाही. काहींचा मागे पडला असेल, काहींना तो कधी नव्हताच. मोजकेच लोक असे निघाले की ज्यांना धाप हृदयासारख्या गंभीर कारणाने होती आणि औषध दम्याचं चाललं होतं. ही मोजकी माणसं मला महत्त्वाची वाटतात.

आणखी एक. बाबांना कुठली कुठली औषधं चालू आहेत? डोळ्यांचे थेंबसुद्धा सांगा.

---

अनिकेत_रा

रक्तदाबाची एक गोळी, आणि काचबिंदूसाठी रात्री थेंब. थेंबांचं नाव बघून सांगतो. पण डोळ्यांतल्या थेंबांचा छातीशी काय संबंध?

---

स्टेथो

आहे. काचबिंदूसाठीच्या थेंबांपैकी एक जुना आणि खूप वापरला जाणारा गट बीटा ब्लॉकरचा आहे, उदाहरणार्थ टिमोलॉल. डोळ्यात टाकलेला थेंब नाकाच्या मार्गाने रक्तात जातो. ज्या माणसाच्या श्वासनलिका चिडखोर आहेत त्याला तेवढ्यानेही दम्याचा झटका येऊ शकतो. डोळ्यांचे डॉक्टर डोळा पाहतात, छातीचे डॉक्टर छाती, आणि थेंबांना कुणी औषधांत मोजत नाही. त्यामुळे हे हमखास निसटतं. नाव बघा, पण थेंब स्वतःच्या मनाने बंद करू नका, दृष्टी जाऊ शकते. दुसऱ्या गटातले थेंब मिळतात, ते डोळ्यांच्या डॉक्टरांनीच बदलायला हवेत.

ॲस्पिरिन आणि तशा वेदनाशामकांचंही असंच. मोठेपणी दमा झालेल्यांत अंदाजे सात टक्के जणांना या गोळ्यांनी जोराचा झटका येतो. बहुधा त्यांना नाकात कोंब असतात, वास येईनासा झालेला असतो. फ्रान्समध्ये हे १९२२ मध्येच वर्णन करून ठेवलेलं आहे, तरी आजही डोकेदुखीची गोळी घेतल्यावर दम लागला की लोक गोळीचा विचार करत नाहीत. नाक बंद, वास गेलेला आणि दमा, तिन्ही एकत्र असतील तर कुठलीही वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.

---

शाल्मली_१२

बायकांबद्दल कुणी लिहिणार आहे का? माझा दमा पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात हमखास वाढतो. हे सांगितलं की "टेन्शन घेता तुम्ही" असं ऐकवतात.

---

निर्झरा

शाल्मली, टेन्शनने दमा बिघडतो हे खरं, पण तुमचं निरीक्षणही खरं आहे आणि त्याची दखल वैद्यकात घेतलेली आहे. लहानपणी दमा मुलग्यांत जास्त असतो. वयात आल्यावर चित्र उलटं होतं आणि प्रौढांत बायकांची संख्या जास्त होते, त्रासही जास्त तीव्र. पाळीच्या आधी दमा वाढणाऱ्या स्त्रिया बऱ्याच असतात. रजोनिवृत्तीच्या आसपास नव्याने सुरू होणारा दमाही ओळखीचा आहे. माझाही त्याच्या आगेमागेच सुरू झाला.

गरोदरपणी ढोबळमानाने एक तृतीयांश बायकांचा दमा सुधारतो, एक तृतीयांश तसाच राहतो आणि एक तृतीयांश बिघडतो. आणि इथे फार मोठं नुकसान होतं ते बाळाच्या काळजीने पंप बंद केल्यामुळे. श्वासातून घ्यायची नेहमीची औषधं गरोदरपणी चालू ठेवायचीच असतात. आईला प्राणवायू कमी पडला तर बाळालाही कमी पडतो, धोका तिथे आहे.

पाळीच्या तारखा आणि पीक फ्लोचे आकडे एकाच वहीत दोन-तीन महिने लिहून न्या. आकडे समोर ठेवले की कुणी टेन्शन म्हणून उडवून लावत नाही.

---

रंगकाम

मी गाड्या रंगवण्याच्या वर्कशॉपमध्ये स्प्रे मारतो. बारा-तेरा वर्षं काही नव्हतं. आता संध्याकाळी घरी आलो की खोकला आणि छाती जड. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. दोन दिवस सलग सुट्टी असली तर जवळजवळ ठीक. कामावर सगळे म्हणतात इतकी वर्षं झालं नाही ते आता कसं होईल, बाहेरची हवा खराब आहे.

---

स्टेथो

रंगकाम, तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. मोठेपणी सुरू झालेल्या दम्यात दर सहा-सात जणांत एकाच्या आजारात कामाच्या जागेचा वाटा असतो. आणि "सुट्टीत बरं, कामावर वाईट" हा त्याचा सगळ्यात बोलका पुरावा आहे. दम्याच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला पहिल्या भेटीत हे विचारलं गेलं पाहिजे. दुर्दैवाने तसं होत नाही, व्यवसायाच्या रकान्यात "नोकरी" एवढंच लिहिलं जातं.

इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणजे आता होणार नाही, हा समज चुकीचा आहे. ॲलर्जीच्या वाटेने येणाऱ्या दम्यात आधी शरीर त्या पदार्थाविरुद्ध तयार होत जातं. त्याला काही महिने लागतात, कधी वर्षं. एकदा तयारी झाली की मग अगदी थोडी मात्राही पुरते. दोन घटकांच्या स्प्रे रंगातल्या हार्डनरमध्ये (रंग घट्ट करणारा घटक) आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, आणि व्यावसायिक दम्याच्या कारणांत ते जगभर वरच्या क्रमांकावर आहे. फोम बनवणाऱ्यांनाही तेच. बेकरीत पिठाची धूळ, सुतारकामात लाकडाचा भुसा, सोल्डरिंग करणाऱ्यांना राळेचा धूर, केस ब्लीच करणाऱ्यांना परसल्फेट, दवाखान्यांत रबरी हातमोज्यांतलं लॅटेक्स, प्रयोगशाळेत उंदरांची लघवी आणि केस, साबण पावडरीच्या कारखान्यात एन्झाइम. साफसफाईचं काम करणाऱ्यांबद्दल तर पुरेसं बोललंच जात नाही. ब्लीच आणि फवारे रोज श्वासात जातात, आणि ते काम करणाऱ्या बहुतेक बायका असतात.

हे ज्ञान काही नवं नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात पिठाच्या धुळीने धापणारे लोक आहेत. रुग्णाला "तुझा धंदा काय?" हे विचारा, असं त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

बार्सिलोनाची गोष्ट सांगतो, कारण शोधणं म्हणजे काय ते त्यातून कळतं. १९८० च्या दशकात त्या शहरात काही ठरावीक दिवशी इस्पितळांच्या तातडीच्या विभागात दमेकऱ्यांची अचानक रांग लागायची. काही जण दगावलेही. आधी कारखान्यांचा धूर पाहिला, हवामान पाहिलं, जुळेना. मग संशोधकांनी बंदरात लागणाऱ्या जहाजांच्या तारखा त्या दिवसांशी ताडून पाहिल्या. सोयाबीन उतरवलं जात होतं त्याच दिवशी हे होत होतं. बंदरातल्या एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणीच नव्हती, सोयाबीनच्या सालीची बारीक धूळ वाऱ्याबरोबर शहरावर पसरायची. गाळणी बसवली आणि तशा साथी थांबल्या. इतकी वर्षं ती माणसं "आपल्या दम्याने" आजारी पडत होती, असंच सगळ्यांना वाटत होतं.

तुमच्यासाठी: पीक फ्लो मीटर घ्या, जागे असताना दिवसातून निदान चार वेळा, साधारण चार आठवडे नोंद करा. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही त्यात यायला हवेत. ही वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. निदान पक्कं होण्याआधी नोकरी सोडू नका. सोडल्यावर तपासणी करणंही अवघड होतं.

---

रंगकाम

धन्यवाद डॉक्टर. पण समजा हेच निघालं तर? काम सोडा म्हणणं सोपं आहे. हात याच कामाला बसलेत. घरात कमावणारा मी एकटा.

---

स्टेथो

सोपं नाही, आणि मी सोपं आहे असं म्हणणारही नाही. व्यावसायिक दमा झालेल्या लोकांचं उत्पन्न घटतं, अनेकांचं काम कायमचं जातं. दम्याच्या ओझ्यात हा हिशेब धरलाच पाहिजे. तरी जे माहीत आहे ते तुम्हाला सांगायलाच हवं. संपर्क सुटल्यावरही पूर्ण लक्षणमुक्त होणारे साधारण एक तृतीयांशच असतात. कोण त्यात येईल हे बऱ्याच अंशी संपर्क किती लवकर सुटला यावर ठरतं. दोन वर्षं ओढून मग सोडणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

सोडणं म्हणजे लगेच दुसरा धंदा असंच नाही. त्याच ठिकाणी स्प्रेपासून लांबचं काम मिळेल का, हे आधी पाहा. स्प्रे बंद खोलीत, हवा बाहेर ओढून घेणाऱ्या व्यवस्थेत होतो का? साधा कापडी किंवा कागदी मास्क आयसोसायनेटला अडवत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. एकदा शरीर तयार झालं असेल तर तोही पुरेसा ठरेलच असं नाही, पण निदान होईपर्यंत तेवढं मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. व्यावसायिक आजार म्हणून नोंद आणि भरपाईची तरतूद बऱ्याच देशांत असते. त्यासाठीही ती वही लागेल.

---

कुमुदिनी

रंगकाम दादा, वही कराच. माझ्या भावाने लाकडाच्या कामात असंच केलं होतं. आकडे दाखवल्यावर मालकाने त्याला मोजमाप आणि ऑर्डरच्या कामावर घेतलं. पगार थोडा कमी झाला, पण माणूस रात्री झोपतो.

---

वाटसरू_क

माझा मुद्दा वेगळा आहे. पंपाची सवय लागते म्हणून मी शक्यतो टाळतो. अगदीच दम लागला तर आराम देणारा पंप घेतो, दोन मिनिटांत बरं वाटतं. रोजचा स्टिरॉइडचा पंप दिला होता, तो घेतल्याने काही फरक जाणवत नाही, शिवाय स्टिरॉइड म्हटलं की भीती वाटते. एवढं काही वाईट चाललं नाहीये.

---

निर्झरा

वाटसरू, रागावू नका, पण याच वाक्यासाठी मी धागा काढला. "दोन मिनिटांत बरं वाटतं" हेच घातक आहे. तो पंप आवळलेले स्नायू सैल करतो. सुजेला तो हातही लावत नाही. छतातून पाणी गळतंय आणि आपण दर थोड्या वेळाने फरशी पुसतोय, तसं ते आहे. रोजचा पंप सूज उतरवतो, पण हळूहळू, काही दिवस-आठवडे घेऊन. म्हणून घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही.

१९६० च्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा काही देशांत दम्याच्या मृत्यूंची अचानक लाट आली होती. तेव्हा लगेच आराम देणारा एक तीव्र मात्रेचा पंप नुकताच बाजारात आला होता. पुढे न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाअखेर दुसऱ्या अशाच औषधाने तेच झालं. ब्रिटनमध्ये दम्याने गेलेल्या १९५ जणांच्या मृत्यूंची तपशीलवार छाननी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आराम देणारा पंप लिहून दिलेल्या लोकांपैकी ३९ टक्क्यांना शेवटच्या वर्षात असे बारापेक्षा जास्त पंप दिले गेले होते. दम्याची तीव्रता नोंदलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त जणांची नोंद "सौम्य" किंवा "मध्यम" अशी होती. आणि दोन तृतीयांश मृत्यूंत टाळता येण्यासारखी मोठी कारणं सापडली. ही श्रीमंत देशातली गोष्ट आहे, औषध हाताशी असलेल्यांची.

२०१९ पासून दम्यासाठीच्या जागतिक मार्गदर्शनात प्रौढांना नुसता आराम देणारा पंप देऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. सौम्य दम्यातही त्याच्यासोबत सूज उतरवणारं औषध असलंच पाहिजे. आता तर दोन्ही एकत्र असलेला पंप त्रास होईल तेव्हा घेण्याची पद्धतही आहे, श्वासनलिका मोकळी करणारं फॉर्मोटेरॉल आणि सूज उतरवणारं कमी मात्रेचं स्टिरॉइड. रोज घ्यायचा कंटाळा असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

---

स्टेथो

स्टिरॉइडच्या भीतीबद्दल एकच हिशेब. जोराचा झटका आल्यावर प्रेडनिसोलोनची गोळी दिवसाला ४० मिलिग्रॅम देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि ती सगळ्या अंगात जाते. पंपातली कमी मात्रा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम ब्यूडेसोनाइड (पंपातलं स्टिरॉइड), तीही थेट श्वासनलिकेत. पंप टाळून वर्षातून दोनदा गोळ्यांचा कोर्स घेणारा माणूस कितीतरी जास्त स्टिरॉइड घेतो. साखर, हाडं, मोतीबिंदू, हे सगळे धोके मुख्यतः त्या गोळ्यांचे आहेत. पंपाने आवाज बसू शकतो, तोंडात बुरशी होऊ शकते. घेतल्यावर चूळ भरून थुंकली की बरंच टळतं.

"घेऊनही फरक नाही" म्हणणाऱ्यांनी घ्यायची पद्धत कुणाला तरी दाखवून तपासून घ्यावी. १९७५ ते २०१४ या काळातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा पंप बरोबर वापरणारे फक्त ३१ टक्के निघाले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा नव्हती. दाबून फवारा मारायच्या पंपात आधी हलवायचं, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश खोल श्वास घ्यायला सुरुवात करताना दाबायचं आणि दहा सेकंद रोखून धरायचं. भुकटीच्या पंपात उलटं, श्वास जोरात आणि झटकन ओढायचा. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की औषध घशातच बसतं. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायची पोकळ नळी) लावणं मोठ्यांनाही कमीपणाचं वाटायला नको.

---

वाटसरू_क

वरचे चार प्रश्न स्वतःला विचारले. तीन "हो". पुढच्या आठवड्यात दाखवतो.

---

कुमुदिनी

ओझ्याबद्दल थोडं. माझ्या नवऱ्याला दमा आहे. लोकांना झटका दिसतो, बाकी काही दिसत नाही. रात्री तीनला उठून बसलेला माणूस सकाळी कामावर जातो, रजा घेत नाही, पण त्या दिवशी त्याचं कामात लक्ष नसतं. चिडचिड होते, मग स्वतःलाच अपराधी वाटतं. चारचौघांत पंप काढायला तो लाजतो, बाहेर जाऊन घेतो. कधी कधी न घेताच परत येतो. मीही रात्री त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत पडलेली असते. हे कुठल्या आकड्यात येत नसेल.

---

निर्झरा

कुमुदिनी, काही अंशी येतं. दमा असलेल्यांत चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. ते असलं की औषधं चुकतात आणि दमा आणखी बिघडतो. कामावर हजर असूनही काम न होणं, हे नुकसान अनेक अभ्यासांत प्रत्यक्ष रजेपेक्षा मोठं निघालं आहे. पण शेजारी जागं असलेल्या माणसाची झोप सहसा कुणी मोजत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. रात्रीची जाग हे दमा आटोक्यात नसल्याचं लक्षण आहे. ते नवऱ्याने डॉक्टरांना सांगितलं नसेल तर तुम्ही सोबत जाऊन सांगा.

---

धावपटू_मी

श्वासाच्या व्यायामांनी दमा बरा होतो का? आणि पळायला हरकत आहे का? मित्र म्हणतो बंद कर.

---

स्टेथो

श्वासाच्या व्यायामांनी लक्षणं आणि रोजचं जगणं सुधारतं असे पुरावे आहेत. फुप्फुसाच्या क्षमतेत किंवा सुजेत फरक पडल्याचे नाहीत. औषधासोबत करा, औषधाऐवजी नको. पळणं बंद करू नका. आधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करा, खूप थंड किंवा धुराची हवा असेल तर आत व्यायाम करा. पळताना नेहमीच दम लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असं समजून औषधाचा फेरविचार करायचा.

परागांच्या मोसमात वादळी पाऊस येणार असेल तर मात्र बाहेर पळू नका. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं, गवताचे परागकण ओलाव्याने फुटून त्यांचे सूक्ष्म तुकडे हवेत पसरले. हजारो लोक इस्पितळांत धावले आणि दहा जण गेले. त्रास झालेल्या अनेकांना तोवर फक्त नाक गळण्याची ॲलर्जी होती, दम्याचं निदान कधी झालंच नव्हतं.

---

शाल्मली_१२

डॉक्टर, झटका आला की इस्पितळात कधी जायचं? आम्ही दर वेळी "अजून थोडं बघू" म्हणत बसतो.

---

स्टेथो

एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल, किंवा आराम देणाऱ्या पंपाने फरक पडत नसेल किंवा तासाभरात पुन्हा तसंच होत असेल, तर लगेच निघा. आणि एक लक्षात ठेवा: घरघर थांबली पण माणूस जास्तच थकलेला दिसतोय, तर तो बरा होत नाहीये. आवाज यायलाही हवा आत-बाहेर जावी लागते. ती जाईनाशी झाली की छाती गप्प होते, आणि ही सगळ्यात धोक्याची वेळ. मदत येईपर्यंत ताठ बसवा, आडवं करू नका, स्पेसरमधून आराम देणारा पंप अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने एकेक फवारा करत दहापर्यंत द्या.

ज्यांना वर्षात एकदा जरी इस्पितळात जावं लागलं असेल त्यांनी डॉक्टरांकडून लेखी योजना मागून घ्यावी: नेहमीचं औषध काय, बिघडलं तर काय वाढवायचं, आणि पीक फ्लोच्या कुठल्या आकड्याला इस्पितळात निघायचं. कागद फ्रिजवर लावा, घरातल्या सगळ्यांना वाचायला सांगा.

---

अनिकेत_रा

डॉक्टर, थेंबांचं नाव पाहिलं. टिमोलॉलच आहे, आणि चालू केल्याची तारीख खोकल्याच्या थोडी आधीची निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सोमवारी बोलावलंय, तोपर्यंत बंद करू नका म्हणाले. स्पायरोमेट्रीची वेळही घेतली आहे. रक्तदाबाच्या गोळीचं नाव "प्रिल"ने संपत नाही. रिपोर्ट आले की इथेच टाकतो.

---

निर्झरा

नक्की टाका. सोमवारी जाताना छातीच्या डॉक्टरांचा कागदही सोबत न्या, म्हणजे दोघांना एकमेकांची औषधं दिसतील.